नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीतील शिवारफेरी

(निफाड तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी काढलेल्या शिवारफेरीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी साडेसहाला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याखाली आपण जमलो तेव्हा थंडीने कोणी तोंडातून शब्द काढत नव्हते. निफाडची थंडी काय असते हे तुम्हाला सांगायला नको. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. आज तेवढी नव्हती. आता ऊन चढले आहे, सगळ्यांच्या चपला चिखलाने भरल्या आहेत आणि जेवणाच्या पंगतीच्या आधी माझे भाषण आहे, म्हणजे माझी वेळ फार चांगली नाही याची मला कल्पना आहे.

आपली शिवारफेरी नेहमी एखाद्या प्रक्षेत्रावर असते. वाण पाहायचा, ठिबक पाहायचे, माहितीपत्रक घ्यायचे आणि परतायचे. या वेळी मी मुद्दाम तुम्हाला पक्ष्यांच्या अभयारण्यात आणले. सकाळी वाटेत एक नाना मला म्हणाले, "सर, ही पाखरं आम्ही रोजच बघतो, गव्हात बसलेली. ती बघायला इथवर कशाला आणलं?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे मी तेव्हा टाळले. ते आता देतो.

आपण चाललो ती वाट सोपी आहे. मनोऱ्यापासून पाण्याच्या कडेने, मग बाभळींच्या आडून शेतांच्या बांधावर, आणि तिथून वळसा घालून पुन्हा जिथून निघालो तिथे. चढ नाही, उतार नाही. सत्तरीच्या आजोबांना आणि सात वर्षांच्या नातवाला सारखीच झेपेल अशी. पण या एका वळशात आपण चार प्रकारच्या जमिनी ओलांडल्या हे किती जणांच्या लक्षात आले? पहिले उघडे पाणी. मग पाणकणसाची आणि गवताची दलदल. त्यानंतर पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळाची जमीन. आणि शेवटी तुमची नेहमीची काळी जमीन, गव्हाची, कांद्याची, उसाची. चारही जमिनींची माती एकच आहे. फरक आहे तो फक्त पाणी किती खोल आहे आणि किती दिवस थांबते एवढाच.

ही जागा निसर्गाने केलेली नाही, हे आधी ध्यानात घ्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. हेतू पक्ष्यांचा मुळीच नव्हता. खाली येवला, कोपरगाव, राहाता हा सारा पर्जन्यछायेतला, पुन्हा पुन्हा दुष्काळ पडणारा भाग. त्याला पाणी द्यायचे म्हणून डावा आणि उजवा असे दोन कालवे काढले. नांदूरचा बंधारा हे मोठे धरण नाही. वरून दारणेचे, पुढे गंगापूरचे पाणी नदीपात्रातून यायचे आणि इथे अडवून कालव्यांत वळवायचे, एवढे त्याचे काम. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. त्याचा साठा सात हजार दशलक्ष घनफुटांवर आहे. नांदूर मधमेश्वरचा आजचा नोंदलेला साठा अवघा २५७ दशलक्ष घनफूट. वळणाचा बंधारा असल्याने साठा मुळातच थोडा, त्यातही गाळाने पुष्कळ जागा खाल्ली.

हा गाळ आला कुठून? तुमच्या-माझ्या शेतातून. मी वर्गात मुलांना एक साधे गणित घालतो. शेतातली फक्त एक मिलिमीटर माती वाहून गेली तर ती हेक्टरी सुमारे दहा घनमीटर होते, वजनात बारा-तेरा टन. म्हणजे दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांहून जास्त. एक मिलिमीटर गेलेली डोळ्यांना कळतसुद्धा नाही. त्र्यंबक, दिंडोरी, नाशिक, निफाड, सिन्नर इथल्या वावरांतून शंभराहून जास्त पावसाळे ती इथे येत राहिली. पाण्याचा वेग बंधाऱ्यामागे मंदावतो, जड कण आधी बसतात, बारीक चिकण नंतर. गाळाची बेटे झाली, बेटांवर गवत उगवले, बाभळी आल्या, उथळ पाण्यात शेवाळ, शिंपले, मासळी वाढली. मग पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. २०१९ मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ते गेले. महाराष्ट्रातले असे हे पहिलेच. यादीत नोंदलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे आणि वनस्पती, मासे, पक्षी सगळे धरून ५३६ जातींची नोंद आहे.

थोडक्यात सांगायचे तर, आपण ज्याला आपले नुकसान म्हणतो, म्हणजे वाहून गेलेली माती, तिच्यावर हे सारे उभे आहे. सकाळी आपण हळदीकुंकू बदके पाहिली, तलवार बदक पाहिले, थापट्या चोच पाण्यात घालून गाळ चाळत होता तो पाहिला. वारकऱ्यांचा काळा थवा तर कोणालाही दिसला असेल. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. इतक्या लांबून येऊन ते काय खातात? आपल्या मातीवर वाढलेले गवत आणि आपले हिरवे पीक.

आता इथे थोडे विषयांतर करतो. माझा विषय कृषिविद्या. निचऱ्याचा धडा शिकवताना दरवर्षी मला हॉलंडवर बोलावे लागते, कारण त्या विषयातले निम्मे शास्त्र त्या देशातून आले. जमिनीखालच्या दोन नळ्यांत किती अंतर ठेवायचे याचे जे सूत्र आम्ही परीक्षेला घालतो ते हूगहाउट नावाच्या डच शास्त्रज्ञाचे, १९४० चे. मी स्वतः तो देश पाहिलेला नाही. तुमच्यापैकी द्राक्ष बागायतदारांचा माल मात्र तिथे जाऊन येतो, म्हणजे जातो, परत येऊ नये हीच इच्छा. नाशिकच्या निर्यात द्राक्षांचे मोठ्या प्रमाणात कंटेनर रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात. ते उतरतात तो देश असा की त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथेही लोक तळ्यांच्या काठाने, दलदलीतून, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीतून अशाच सोप्या वाटांनी फिरतात. एका बाजूला बंधारा, त्याच्या वर पाणी, आणि बांधाच्या खाली, पाण्याहून खोल, गव्हाचे आणि बटाट्याचे शेत.

त्यांनी १६१२ साली पवनचक्क्या लावून बेम्स्टर नावाचे अख्खे तळे उपसले आणि तळाशी शेती केली. १९३२ मध्ये समुद्राची एक खाडी बांध घालून तोडली आणि पुढच्या काळात तिच्यातले मोठे मोठे तुकडे कोरडे केले. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट त्यापुढची आहे. पाणी उपसल्यावर खाली जो चिखल राहिला त्यावर माणूससुद्धा चालू शकत नव्हता. ट्रॅक्टर कुठला! तेव्हा त्यांनी विमानातून बोरूसारख्या गवताचे बी फेकले. हे गवत चिखलात वाढते, मुळांनी पाणी शोषून पानांवाटे उडवून देते, चिखल आकसतो, त्याला भेगा पडतात, हवा आत शिरते. काही वर्षांनी गवत जाळून मोडले, चर काढले आणि आधी मोहरीच्या जातीचे तेलबियांचे पीक घेतले, मग गहू. पहिली पिके सरकारनेच घेतली. शेतकऱ्याच्या हाती जमीन दिली ती पिकाऊ झाल्यावर. माती पिकवावी लागते, फळासारखी, असा तो विचार आहे.

आपल्याकडे धरणाच्या बुडीत क्षेत्रात पाणी ओसरले की गाळपेरा करतात, तो याचाच छोटा भाऊ. आपली काळी माती बोरू पेरण्याची वाट पाहत नाही, ती उन्हाने आपणच तडकते. गाळपेऱ्यात हरभरा घ्या, मुरलेल्या ओलीवर येतो, वरून पाणी लागत नाही. फक्त तिथे खत आणि औषध शक्यतो वापरू नका. जी जमीन चार महिन्यांनी पाण्याखाली जाणार आहे तिच्यात टाकलेले सगळे पाण्यात जाणार, आणि खालच्या गावांच्या पिण्यात येणार.

दुसरी गोष्ट योगायोगाची. १९६८ साली कोरड्या केलेल्या एका मोठ्या क्षेत्राचा सर्वांत खोलगट भाग कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. कारखाने लवकर आले नाहीत. तिथे पाणी साचले, बोरू माजला, हजारो हंस येऊन राहिले आणि ती युरोपातली नावाजलेली पाणथळ झाली. म्हणजे आपल्या नांदूरसारखेच: करायला गेले एक, झाले भलतेच. आणि भांडणही तेच. रानहंस शेजारच्या शेतात चरतात, डच शेतकरी ओरडतो. फरक असा की तिथे हंसांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची पाहणी होते आणि भरपाईची सोय आहे. नाना, तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर इथे आहे. पक्षी सगळ्या जगाचे असतील तर त्यांच्या चाऱ्याचा खर्च एकट्या चापडगाव-मांजरगावच्या शेतकऱ्याने सोसावा हे न्यायाचे नाही. पक्ष्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा आणि भरपाई ही मागण्यासारखी गोष्ट आहे आणि ती ग्रामसभेच्या ठरावाने, नोंदी ठेवून मागावी. फोटो, तारीख, गट नंबर, किती गुंठे.

तोवर काय करायचे? गव्हाचे मी पाहिले आहे ते सांगतो. जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी हे दोघे कोवळ्या गव्हात शिरतात. जमीन घट्ट असेल तर ते पाती खुडतात. खुडलेले रोप फुटवे धरण्याच्या अवस्थेत असेल तर पुन्हा उभे राहते. कांडी धरल्यावर मात्र तोडले गेले तर ओंबीच जाते. पण शेत चिखल झालेले असेल तर रोप मुळासकट उपटून येते आणि मग काहीच हाती राहत नाही. म्हणून पाण्याच्या कडेच्या शेतात पहिले पाणी बेताने द्या. मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाणी हवेच. पण सरे लहान ठेवा, तुंबू देऊ नका. पाण्याकडच्या बाजूला चमकणाऱ्या फिती ताणून लावा, आणि त्या दर आठवड्याला जागा बदलून. एकाच जागी लावलेल्या फितीला पाखरू चार दिवसांत ओळखते. विष घालणे, जाळी लावून पकडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात शिकारी भोवत्याही मरतो, जो तुमच्या शेतातले उंदीर खातो.

आता पाण्याबद्दल. या पाणथळीच्या कडेला भूजल आधीच वर असते. तरी आपण गव्हाला सहा-सहा, सात-सात पाणी देतो, कारण विहीर भरलेली दिसते आणि वीज रात्री येते. भारी जमिनीत एकवीस दिवसांच्या अंतराने पाच पाणी पुष्कळ झाले. खताचे तसेच. बागायती वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश ही शिफारस. नत्र अर्धे पेरताना, अर्धे पहिल्या पाण्याच्या वेळी. यापेक्षा जास्त युरिया टाकला तर तो गव्हाला नाही, जलपर्णीला मिळतो.

जलपर्णी सकाळी सगळ्यांनी पाहिली. जांभळी फुले छान दिसतात, फोटो काढले गेले. तिला वाढायला नत्र आणि स्फुरद लागते. ते नाशिक शहराच्या सांडपाण्यातून येते हे खरे, त्याची जबाबदारी शहरावर आहे आणि ती त्यांनी घेतलीच पाहिजे. पण दोन्ही नद्यांच्या काठची शेतेही त्यात भर घालतात, हे मान्य करायला आपली जीभ अडखळते. जलपर्णी फुलावर येण्याआधी बाहेर काढून, उन्हात वाळवून आच्छादनाला वापरता येते. ओली असताना तिच्यात पंच्याण्णव टक्के पाणीच असते, म्हणून ओली वाहून नेण्यात डिझेल घालवू नका. शहराच्या सांडपाण्याखालची असेल तर भाजीपाल्यात वापरू नये. तिच्या मुळांत जड धातू साठतात.

द्राक्षवाल्यांना दोनच वाक्ये. फवारणीचा टाकी-पंप ओढ्यात धुऊ नका, धुतलेले पाणी बागेतच बांधाकडेला जिरवा. आणि २०१० साली एका संजीवकाच्या अंशापायी युरोपात कंटेनर अडकले तेव्हा किती घरे बुडाली हे इथे बसलेल्या कोणी विसरलेले नाही. जो अंश रॉटरडॅममध्ये घडात सापडतो तो त्याआधी इथल्या पाण्यात उतरलेला असतो.

इथवर सगळे कदाचित तुम्ही दुसऱ्या कोणाकडूनही ऐकले असते. आता मी या वाटेवर तुम्हाला का आणले ते सांगतो.

माझे घर कोपरगाव तालुक्यात, याच बंधाऱ्यातून निघणाऱ्या डाव्या कालव्यावर. इथून जे पाणी सुटते ते आमच्या वावरात येते. आजोबांच्या वेळी कालव्याच्या पाण्याने आमचे घर उभे राहिले. वडिलांच्या वेळी ऊस आला, उसामागे ऊस, पाटाचे पाणी रात्रंदिवस. मी शाळेत असताना सखल बाजूचे चार एकर उपळायला लागले. आधी नांगराच्या तासात पाणी दिसायचे. मग उसाची वाढ खुंटली, पाने पिवळी. मग उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर. आमचे वडील तो थर बोटाने उचलून जिभेवर ठेवायचे आणि काही न बोलता थुंकायचे. पाणथळ हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला, शिवी दिल्यासारखा. पुढे पदव्युत्तरच्या वर्गात पाणथळ जागेचे महत्त्व असा धडा आला तेव्हा मला खरोखर समजेना की यात महत्त्वाचे काय आहे.

वडिलांनी काय काय केले! तालुक्याच्या एका दुकानदाराने जमीन सुधारणारी भुकटी म्हणून पोत्यामागून पोती गळ्यात मारली. त्यात काय होते ते पोत्यावरही लिहिलेले नव्हते. मग कोणी जिप्सम सांगितले. दोन ट्रॉल्या जिप्सम आणून पसरले, पाणी दिले. काही झाले नाही. वडील म्हणाले, शास्त्र खोटे आहे. शास्त्र खोटे नव्हते, अर्धे सांगितले होते.

ते अर्धे असे. जमिनी तीन तऱ्हेने बिघडतात. क्षारयुक्त जमिनीत सामू साडेआठच्या खाली असतो, पण विरघळणाऱ्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे विद्युतवाहकता, चार डेसीसायमनच्या वर जाते. तिथे पांढरा थर दिसतो. चोपण जमिनीत सामू साडेआठच्या वर, मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला. पाणी मुरत नाही, वाळली की दगड, भिजली की लोणी. तिसरी दोन्ही दोषांची. जिप्सम हे औषध चोपण जमिनीचे आहे. त्यातले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून ढकलून काढते. पण ढकललेला सोडियम जाणार कुठे? खाली भूजल दोन फुटांवर असेल तर तो तिथेच फिरत राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. आधी निचरा, मग जिप्सम, मग भरपूर पाण्याने धुणे, मग धैंचा पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी गाडणे. हा क्रम उलटला की पैसे पाण्यात. १९५३ च्या महापुरात हॉलंडच्या किनारी शेतांत समुद्र शिरला, अठराशेंवर माणसे मेली. तिथेही खारावलेल्या शेतांना जिप्समच दिले. पण त्या शेतांना चर आणि नळ्या होत्या, धुतलेले मीठ बाहेर जायला वाट होती.

आमच्या चार एकरांना वाट नव्हती. नैसर्गिक ओढा तीनशे फुटांवर, आणि मध्ये चुलत्यांचे वावर. त्यांच्या जमिनीतून चर काढू द्यायला ते तयार नव्हते. त्यांचेही चूक म्हणत नाही. उघडा चर म्हणजे गुंठाभर जमीन जाते, बैलगाडीला वाट राहत नाही. आमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी सहा वर्षे एकमेकांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात चुलते मांडवाच्या बाहेर उभे राहून अक्षता टाकून गेले. मी शिकून आलो तेव्हा त्यांना जमिनीखालून जाणारी छिद्राची पीव्हीसी नळी कशी असते ते कागदावर काढून दाखवले. तीन-साडेतीन फूट खोल, वरून गाळणीचे कापड गुंडाळलेली, उतार देऊन ओढ्यापर्यंत. वरून नांगर चालतो, गुंठाही जात नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझ्याही वावरातलं पाणी त्यात जाईल का?" ते ऐकून मला माझीच लाज वाटली. त्यांची खालची बाजूही उपळत होती आणि सहा वर्षांत आम्ही कोणी विचारले नव्हते.

नळी दोघांच्या खर्चाने पडली. पहिल्या पावसाळ्यानंतर ओढ्याच्या तोंडाशी जे पाणी बाहेर आले ते चाखून पाहिले, खारट होते. वडील तिथे बराच वेळ बसून होते. दुसऱ्या वर्षी गहू टिकला. कांदा अजून येत नाही, आणि येणार नाही म्हणून मी लावूही देत नाही. क्षार सोसण्याची ताकद पिकापिकाची निराळी असते: मातीची विद्युतवाहकता सव्वाच्या आसपास गेली की कांद्याचे उत्पादन घटू लागते, द्राक्षाचे दीडला, उसाचे पावणेदोनच्या जवळ, गहू सहापर्यंत आणि कापूस साडेसातपर्यंत कळ काढतो. तुमच्या सखल वावरात कांद्याची रोपे जगत नाहीत आणि शेजारी गहू बरा आहे असे दिसले तर बुरशीनाशक मारण्याआधी माती तपासा.

चारपैकी सुमारे अर्धा एकराचा कोपरा काही सुधारला नाही. तिथे पाणकणीस वाढले आहे. मी वडिलांना म्हटले, राहू द्या तो तसाच. त्यांना ते अजून पटलेले नाही.

तर सांगायचे ते हे, की नांदूरची पाणथळ आणि आमच्या कोपरगावची पाणथळ एकाच पाण्याची आहे. इथे पाणी थांबते तिथे जिवंत आहे. तिथे पाणी थांबले की जमीन मरते. पाणथळ वाचवा म्हणणारे आणि पाणथळ हटवा म्हणणारे दोघेही खरे बोलतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणांबद्दल. कुठे पाणी थांबू द्यायचे आणि कुठून काढून लावायचे, हे ठरवावे लागते. आणि ते एकट्या शेतकऱ्याला ठरवता येत नाही, हे मी घरात शिकलो.

सायखेडा आणि चांदोरीचे बांधव इथे बसले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्या घरांत गोदावरीचे पाणी शिरले. ते म्हणतात, बंधाऱ्यातला गाळ काढा. पक्षीमित्र म्हणतात, गाळ काढला तर पाणथळच जाईल. मला विचाराल तर सगळा गाळ काढणे शक्य नाही आणि योग्यही नाही; मुख्य प्रवाहाची वाट मोकळी करून कडेची उथळ बेटे ठेवता येतील का, याचा नीट सर्व्हे झाला पाहिजे. पण त्याच्याआधी वरून येणारा गाळ कमी करायला हवा. उताराला आडवी पेरणी, बांध, बांधावर गवत, ओढ्याकाठची झाडे न तोडणे. हे करणारे खोऱ्याच्या वरच्या अंगाला राहतात आणि पूर खालच्यांच्या घरात शिरतो, अडचण ती आहे.

हॉलंडमध्ये पाण्याचा कारभार पाहणारी निवडून दिलेली मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. जमीनधारक कर भरतात, मत देतात, चर कधी साफ करायचा ते ठरवतात. हे ऐकून कोणी म्हणेल, ती गोरी माणसे, त्यांना जमते. मंडळी, आपल्या जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. पाटकरी कोण, पाळी कोणाची, कोणत्या फडात कोणते पीक, सगळे गावाने ठरवायचे. आणि जुने कशाला, कादवेच्याच खोऱ्यातल्या वाघाड धरणावर ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदीच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे पूर्ण प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्था मोजून घेऊ लागल्या. राज्याचा यासंबंधीचा कायदा २००५ साली आला, म्हणजे माणसे आधी आणि कायदा मागून. त्या संस्थांनी पाणी आणण्याचे काम केले. पाणी काढून लावण्याचे, म्हणजे निचऱ्याचे काम आपल्याकडे अजून कोणाचेच नाही. पाट सगळ्यांचा असतो, चर कोणाचाच नसतो.

आता सकाळी भरलेल्या पिशव्यांकडे वळतो. चारही ठिकाणची माती आपण घेतली आहे. ती सावलीत वाळवून तपासून अहवाल महिनाभरात ग्रामपंचायतीत लावू. ज्यांना आपल्या शेताची माती तपासायची आहे त्यांनी सखल जागेची आणि उंच जागेची वेगवेगळी आणावी, एकत्र करू नये. एक फुटापर्यंतची एक पिशवी, एक ते दोन फुटांची दुसरी. खताच्या रिकाम्या गोणीत माती आणू नका, गेल्या वेळी निम्मे नमुने त्यामुळे फेकावे लागले. विहिरीचे पाणी अर्धा लिटर, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून. आणि वावरात बांबूएवढे भोक पाडून त्यात पाणी किती खाली आहे ते पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिलात एकदा मोजून, तारखेसह वहीत लिहा. ते तीन फुटांच्या आत असेल तर मला येऊन भेटा, आणि येताना खालच्या बाजूच्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन या.